द्वारकाबाईंची तवकीर

डॉक्टरांनी पुडी ओटीवर ठेवली आणि विचारलं, "ही तुमच्याकडचीच ना?"

सासूबाई अंगणात बसून बियाण्याचे कंद निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, उठल्या आणि पुडीला हात न लावता नुसती बघितली. जुन्या वर्तमानपत्राचा कागद, वर केळीच्या सोपाचा धागा, गाठ उजव्या कोपऱ्यात.

"आमचीच," त्या म्हणाल्या. "कित्या?"

"बाबी परबाच्या पोराला काल तालुक्याला हलवलं. आठ महिन्यांचं पोर, तीन दिवस जुलाब होत होते. आईनं दुसरं काही दिलं नाही. द्वारकाबाईंच्या तवकिरीची पेज दिली की पोर उठतं, असं तिला सगळ्यांनी सांगितलेलं. पोर उठलं नाही, उलट सुकून गेलं."

"मग आता?"

"आता बरं आहे. सलाइन लावलंय." डॉक्टर सोनवलकर घाटावरचे, तरुण, गावच्या दवाखान्यात येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं. पुढचं बोलताना ते अवघडले. "आमच्या कंपाउंडरनं ह्या पुडीतल्या चिमटीवर आयोडीन टाकून पाहिलं. काळंनिळं झालं. तो गावभर सांगत सुटलाय की हा मैदा आहे."

मी आतून चहा घेऊन येत होते. तशीच उंबऱ्यात थांबले. "आयोडीन कुठल्याही स्टार्चवर टाकलं तरी काळंनिळंच होतं, डॉक्टर. भातावर टाका, बटाट्यावर टाका. तवकीर म्हणजे दुसरं काय असतं?"

"ते मला ठाऊक आहे हो," डॉक्टर हसले. "म्हणजे त्यानं मैदा ठरत नाही. पण शुद्ध आहे हेही ठरत नाही."

"सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. प्रत्येक स्टार्चचे कण वेगळे दिसतात. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. मी दाखवते तुम्हाला."

हे मी इतक्या तोऱ्यात म्हणाले की सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्या घरात माझं शिक्षण पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडणार होतं.

"शनिवारी सकाळची शाळा असता मां?" त्या म्हणाल्या. "शनिवारी बारा वाजता येवा, डॉक्टर. सरपंचांका घेऊन येवा. बाबी परबाकय बोलवा. सगळ्यांच्या समोर बघूया."

ही १९८६ सालची गोष्ट. माझं माहेर रत्नागिरी शहरातलं. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि मयेकरांची सून होऊन ह्या सिंधुदुर्गातल्या खेड्यात आले. मालवणी कळायची, पण तोंडात बसायची नाही. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला हंगामी म्हणून लागले होते. यजमान दिगंबर भाताच्या गिरणीवर कामाला. घरात आम्ही तिघंच. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले.

आणि परसात तवकीर.

तवकीर हे हळदीच्या कुळातलं झाड. पावसाळ्यात हळदीसारखीच रुंद पानं वर येतात, श्रावणात पानांच्या पोटातून गुलाबी तुरा निघतो आणि त्यात पिवळी फुलं लागतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून जमिनीवर आडवी होतात. वरचं सगळं मेलं तरी खाली कंद जिवंत असतो. थोडे कंद जमिनीत ठेवले की पुढच्या पावसात पुन्हा नवी पानं. आमच्या पोफळींच्या सावलीत ते असं किती वर्षं चाललं होतं, कुणालाच सांगता यायचं नाही.

पौषात सासूबाई कंद खणायच्या. धुवायच्या, साल खरवडायच्या, किसायच्या, पाट्यावर वाटायच्या. तो लगदा फडक्यातून गाळून पाण्यात सोडायचा. रात्रभरात पांढरा साका तळाशी बसतो आणि वर पिवळट कडू पाणी राहतं. ते पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं, नवं पाणी घालायचं, ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. असं आठ-नऊ दिवस. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ राहिलं आणि जिभेवर जराही कडू लागलं नाही, की मग साका धोतराच्या कापडावर पसरून उन्हात वाळवायचा. पाच टोपल्या कंदांचं शेवटी डबाभर पीठ व्हायचं. ते इतकं हलकं असायचं की पसरताना बोलायलासुद्धा मनाई.

गावात कुणाचं पोट बिघडलं, बाळाला वरचं दूध पचेना, बाळंतिणीला काही गिळवेना, की माणूस आमच्या ओटीवर यायचं. "द्वारकावैनी, जरा तवकीर होई होती." सासूबाई चिमूटभर अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळायच्या. "करकरता, बघ," म्हणायच्या आणि पुडी बांधायच्या. त्या शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि त्या ते पुरेपूर मिरवत.

मला त्या कामात त्यांनी कधी घेतलं नाही. विहिरीचं पाणी काढून देणं एवढं माझं काम. पाणी ओतायला मी एकदा पुढे झाले तर म्हणाल्या, "तुजो हात जड. तू शाळेत जा." मला ते लागलं होतं. दोन वर्षं लागत राहिलं होतं. म्हणूनच त्या दिवशी डॉक्टरांपुढे माझा आवाज तेवढा चढला असावा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत थांबले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि कुलपाचं कपाट. सूक्ष्मदर्शक एकच होता. त्याला वीज लागायची नाही. खालचा आरसा खिडकीकडे फिरवून उजेड धरायचा. पश्चिमेच्या खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं.

घरच्या डब्यातली चिमूट मी कागदात आणली होती. आगकाडीच्या टोकावर मावेल एवढीच काचेवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. डोळा लावला.

इतके सुंदर कण मी पुस्तकाबाहेर कधी पाहिले नव्हते. लांबट, चपटे, एका टोकाला निमुळते. त्या टोकाशी एक बारीक ठिपका, आणि ठिपक्यापासून पसरत गेलेल्या रेषा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. सगळे कण एकजात. बाहेरचं काही नाही, कचरा नाही, तंतू नाही. सासूबाईंच्या नऊ पाण्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मग मी डॉक्टरांनी आणलेल्या पुडीतली चिमूट लावली.

तेच लांबट कण होते. आणि त्यांच्यामध्ये, त्यांना खेटून, दुसरेच. लहान, कोनाकोनाचे, मधोमध चांदणीसारखी भेग. मी काच सरकवली. तिथेही होते. नवी चिमूट घेऊन नवी काच केली. त्यातही होते. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हेच चित्र मी वहीत काढलं होतं. खाली नाव लिहिलं होतं, मका.

घरचा डबा स्वच्छ होता. पुडी घरातूनच गेली होती. आणि वाड्यावाड्यांवर पुड्या पोचवण्याचं काम त्या वर्षी सासूबाईंनी नव्हे, दिगंबरांनी केलं होतं.

घरी जायच्या वाटेवर गिरणी लागते. मी आत गेले तेव्हा पट्टा चालू होता, बोललेलं ऐकू येईना. मला बघून दिगंबरांनी दुसऱ्या गड्याला खूण केली आणि आम्ही मागे तुसाच्या ढिगापाशी आलो.

"अहो, परबांच्या पुडीत मक्याचं पीठ आहे."

ते म्हणाले, "तुका कसा कळला?"

कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं नाही. काहीतरीच काय, असंही नाही. हे बोलून गेल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं. डोक्यावरचं तूस झाडत ते खाली बसले.

त्या वर्षी कार्तिकात रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा वाफा उकरून खाल्ला होता. तवकीर निम्मीच झाली. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, औंदा फक्त पोरांका नि दुखणेकऱ्यांका, बाकीच्यांका नाय म्हणून सांग. पण गिरणीवर आठ वाड्यांची माणसं यायची. आणि ती दिगंबरांकडे मागायची.

"आईचा नाव घेऊन मागत," ते म्हणाले. "मुंबयसून चाकरमानी येय, तो सांगी, द्वारकाबायची तवकीर व्हयी. नाय कसा म्हणू? आईच्या तवकिरीक नाय म्हणूचा, ह्याचीच माका लाज वाटली. बाजारातसून कॉर्नफ्लॉवर आणलंय आणि थोडा थोडा मिसळलंय. ता काय विष आसा? पोरा खातत ता."

"परबाचं पोर दवाखान्यात आहे."

"त्येचो नि ह्येचो संबंध नाय. डॉक्टरांका विचार."

"उद्या बारा वाजता सगळे येणार आहेत."

त्यांनी वर पाहिलं. एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरले होते. "कुमुद, तू सांग दोनय सारक्योच. तुज्याशिवाय कोणाक कळतला? आईक ह्या समाजला तर ती जगूची नाय. तिचा ह्याच एक आसा."

मी मान हलवली की नाही, ते मला आठवत नाही. पण ती हलली असं त्यांनी धरलं आणि ते पुन्हा गिरणीत गेले.

शनिवारी अकराला शाळा सुटली. मुलं मैदानावर कबड्डी खेळत होती. मी दोन काचा तयार करून टेबलावर ठेवल्या, आणि काय बोलायचं ते मनात घोकत होते, तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या राहिल्या. अर्धा तास आधीच आल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या, देवळात जाताना काढतात तशा.

"काय दिसला?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही सारख्याच आहेत, आई. शुद्ध आहे."

हे वाक्य मी त्यांच्याकडे न बघता बोलले, सूक्ष्मदर्शकाची धूळ पुसत.

"बरां झाला," त्या म्हणाल्या. टेबलाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "माका दिसात ह्येच्यात?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी घरच्या डब्यातली काच लावली, आरसा फिरवला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायचं त्यांना जमेना. मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला.

"माज्या पापण्याच दिसतत गो."

"थोडं लांब धरा. आता?"

मी चक्री बारीक फिरवली. माझ्या हाताखाली त्यांचा श्वास थांबल्याचं कळलं.

"अगो बाय माजे," त्या हळूच म्हणाल्या. "हे माजे?"

"हो. तुमचेच."

"शिंपल्यो कशे... रेगो आसत वर. सगळे सारके." बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "चाळीस वर्सां मी हेंका धुतंय, आणि तोंड आज बघतंय."

मला वाटलं, झालं. आता त्या उठतील. पण त्या म्हणाल्या, "आता दुसरी लाव."

मी तीच काच पुन्हा लावू शकत होते. नुसती काढून परत सरकवायची. त्यांना कळलं नसतं. ते मनात आलं हे मी लपवत नाही. पण त्या माझ्या हातांकडे बघत होत्या, आणि चाळीस वर्षं ज्या बाईच्या नजरेतून पाण्यातला पिवळेपणा सुटला नाही, तिच्यासमोर हाताची चलाखी करायला माझा हात धजेना. मी पुडीची काच लावली. मनाशी म्हटलं, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आत्ता डोळा लावला, त्यांना काय फरक कळणार.

त्यांनी स्वतःच डाव्या डोळ्यावर हात धरला. वाकल्या.

बाहेर मुलांचा कबड्डी कबड्डी असा दम चालला होता. तो तुटला, आरडाओरडा झाला, दुसरा गडी निघाला. त्याचाही दम तुटला. सासूबाई वाकलेल्याच.

"हेंच्यात परके आसत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बारके. कोनाकोनाचे. हे माजे न्हय." डोळा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या काय आसा, कुमुद?"

मी उगाच आरसा फिरवला.

"तुका ठावक आसा. तू शिकलेली. काय आसा ह्या?"

"मका."

"आमच्या घरात मको खयसून येयत?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण ते म्हणता म्हणताच त्यांना उत्तर सापडलं. चेहऱ्यावरून कळलं मला. हात मांडीवर ठेवून त्या ताठ बसल्या. "दिगू?"

मी मान खाली घातली.

"तुका कधी समाजला?"

"काल."

"आणि आत्ता माका सांगलंस, शुद्ध आसा."

"हो, आई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल मागे सारलं. मग उठल्या, पदर सारखा केला, निऱ्या झटकल्या. व्हरांड्यात पावलं वाजली. डॉक्टर, सरपंच आणि त्यांच्या मागून बाबी परब आत आला. बाबीनं दोन दिवस दाढी केली नव्हती. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या.

"पुडयेत भेसळ आसा. मक्याचा पीठ. माज्या सुनेन बघितल्यान. माज्या घरात झाली, माज्या झिलान, दिगून केली."

मी चमकून वर पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

सरपंच नात्यातलेच. ते गडबडले. "द्वारकावैनी, घरातली गोष्ट घरात बघूया. हय सगळ्यांसमोर कित्याक..."

"पुडी घराभायर गेली मां?" सासूबाई म्हणाल्या. "मग गोष्टय घराभायर जातली."

बाबी परब पहिल्यांदाच बोलला. आवाज चढवला नाही त्यानं. "वैनी, पोर मेला असता तर?"

"तर माज्या नावान मेला असता, बाबी," त्या म्हणाल्या. "तुज्या बायलेन तवकीर नाय दिल्यान, माजा नाव दिल्यान पोराक."

तोवर डॉक्टर सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. मी दोन्ही काचा लावून दाखवल्या, कुठला कण कुठला ते सांगितलं. त्यांनी दोनदा खात्री केली. मग बाबीकडे वळून म्हणाले, "खरं ते सांगतो. मक्याच्या पिठानं तुझं पोर आजारी पडलेलं नाही. जुलाबात अंगातलं पाणी गेलं, ते भरून निघालं नाही. शुद्ध तवकीर दिली असती तरी मीठ-साखरेचं पाणी लागलंच असतं. हे मी तुम्हा सगळ्यांना आधी सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं." आणि सासूबाईंना म्हणाले, "त्यामुळे तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तेना मी सुटलंय नाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तवकीर म्हणान मी ज्या दिलंय, ता त्यात नव्हता. इतक्याच माका ठावक." मग त्यांनी विचारलं, "ता मीठ-साखरेचा पाणी कसा करतत? माका नीट सांगा. कोण तवकिरीक इलो तर सांगाक होया."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे फळ्यावर लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून मी तीनदा म्हणून दाखवलं. त्यांनी पाठ केलं.

त्या घरी गेल्या आणि दिगंबरांना हाक मारली. ओरडल्या नाहीत. "चपला घाल," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवस त्या दिगंबरांना घेऊन आठही वाड्या फिरल्या. मीही मागून गेले, कारण घरचा डबा माझ्या काखेत होता. प्रत्येक दारात दिगंबरांनी स्वतः सांगायचं. सासूबाई बाजूला उभ्या राहायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. पहिल्या घरी दिगंबरांच्या तोंडातून शब्द फुटायला इतका वेळ लागला की घरातल्या बाईनं घाबरून पाणी आणलं. "आईची म्हणून दिलंय. तेच्यात मी मक्याचा पीठ घातलंय. पुडी परत द्या." तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा आवाज सरळ झाला होता. काही घरांत लोक हसले. एका घरी म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या, आणि त्या ऐकून होईपर्यंत सासूबाई तिथून हलल्या नाहीत. जिथे लहान मूल किंवा दुखणं होतं, तिथे माझ्या डब्यातली मूठभर तवकीर कागदात बांधून ठेवायची, आणि मीठ-साखरेच्या पाण्याचं सांगायचं. डबा तळाला गेला. त्या वर्षी आमच्या स्वतःच्या घरात खिरीलाही तवकीर उरली नाही.

शेवटचं घर परबांचं होतं. पोर आदल्या दिवशी तालुक्याहून परत आलं होतं, आईच्या मांडीवर बसून करदोटा ओढत होतं. शेवंती परब डोळे वटारून दिगंबरांचं ऐकत राहिली. मग तिनं पोराला उचललं आणि सासूबाईंच्या हातांत दिलं. सासूबाईंनी पोराचं डोकं हुंगलं. तीन दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते तेवढंच.

परतताना दिगंबर पुढे निघून गेले. नदीच्या साकवावर आम्ही दोघी थांबलो. तीन दिवस जे मनात होतं ते मी विचारलं.

"आई, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मी बघितलं. मी तर तुमच्याशी खोटं बोलले होते."

"बघितलंस नाय?"

"बघितलं. पण सांगितलं नाही."

"घोव म्हणान दिगूक सांभाळूक गेलंस." त्या साकवाच्या बांबूला धरून उभ्या होत्या. "मी तुज्या वयात आसतंय तर काय केलंय असतंय, माका ठावक नाय. पण आता तू गावात बघणारी झालंस. लोक तुज्याकडे येतले, कुमुद बघ म्हणान. फुडच्या खेपेक आधी सांग. कोणाचाय आसांदे."

आणि लोक आलेच. कुणी मध घेऊन, कुणी हिंग, कुणी हळद. मयेकरांच्या सुनेनं स्वतःच्या घरची भेसळ पकडली, असं अजून ह्या भागात सांगतात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात तर माझा सत्कार करताना भाषणात ते सांगितलं गेलं, आणि मी हार घालून खाली मान घालून बसले. आज सासूबाई नाहीत, दिगंबरही नाहीत. म्हणून मला हे नीट सांगून टाकायचं होतं. मी पाहून लपवली, पकडली नाही. जिला अक्षर येत नव्हतं, तिनं पकडली. आपल्या कणांचं तोंड पहिल्यांदा बघितल्यानंतर पाचच मिनिटांत.

पण अजून एक आहे, आणि ते खरोखर माझं आहे.

त्या प्रसंगानंतर वाफ्याला दगडी गडगा घातला गेला. गडग्याचे दगड दिगंबरांनी एकट्यानं वाहिले. तवकीर पुन्हा भरपूर होऊ लागली. दरवर्षी पीठ वाळलं की पहिली चिमूट कागदात बांधून सासूबाई माझ्या हातात द्यायच्या. मी शाळेत जाऊन बघायची, आणि संध्याकाळी ओटीवर मी पाऊल ठेवलं की त्या विचारायच्या, "पास?" मी म्हणायची, "पास." मगच पुड्या बांधायला सुरुवात.

पाचव्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले होते. नजरही उतरली होती. तरी पाण्याला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. त्या वर्षीची चिमूट मी काचेवर घेतली आणि डोळा लावला. कण तेच होते, शिंपल्यासारखे. पण त्यांच्यामध्ये पिवळट तंतू होते आणि काळसर कचरा. जिभेवर घेतलं तर कडू. पाणी लवकर ओतलं गेलं होतं, आणि साक्याबरोबर गाळ राहिला होता.

त्या दिवशी घरची वाट मला फार लांब वाटली. सासूबाई ओटीवर शेजारच्या दोघींबरोबर बसल्या होत्या. समोर कापडावर सगळी तवकीर पसरलेली, पांढरीशुभ्र दिसत होती. गिरणीवरून आलेले दिगंबर पायरीवर पाय धूत होते.

"पास?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई," मी म्हणाले. "यंदा नाही. गाळ राहिलाय. दोन पाणी कमी पडलीत."

दिगंबरांच्या हातातला तांब्या थांबला. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाईंनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटून बराच वेळ घोळवली. मग उठल्या. कापडाची चारी टोकं गोळा केली आणि वर्षाची सगळी मेहनत परसात नेऊन पोफळीच्या मुळाशी ओतली. कापड झटकून खांद्यावर टाकलं. परत येऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"फुडल्या वर्षापासून पाणी तू ओत," त्या म्हणाल्या.

आणि मग कमरेवर हात ठेवून त्या दोघी शेजारणींकडे वळल्या. पलीकडच्या वाडीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघितलास? माज्या सुनेन माजीच तवकीर नापास केल्यान!"